मयत वानराच्या वारसाकडून

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
वनपरिक्षेत्र कार्यालय, खडकदरी,
जिल्हा यवतमाळ.

अर्जदार : मधुसूदन गंगाधर पांढरीपांडे, सेवानिवृत्त अव्वल कारकून, राहणार मौजे चिंचखोडी, महागाव रस्ता, जिल्हा यवतमाळ.

विषय : गावात चालू असलेल्या युद्धात नागरिक व त्यांच्या मालमत्तेला संरक्षण मिळणेबाबत, तसेच अर्जदाराचे नाव मयत वानराचा वारस म्हणून लागले आहे, ते कमी करणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या वनरक्षकांनी मौजे चिंचखोडी येथे केलेला मृत्यू पंचनामा.
२) त्यावरून मला आलेली आपली नोटीस (जावक क्रमांक शाईत बुडाल्यामुळे वाचता येत नाही).

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करतो की, मी उभी नोकरी तहसील कार्यालयात लोकांचे अर्ज घेण्यात घालवली. अर्ज लांबला की मी कपाळाला आठी घालून "थोडक्यात लिहा" असे म्हणत परत करीत असे. आज टेबलाच्या या बाजूला आल्यावर कळते की ज्याचे जळते त्याला थोडक्यात लिहिता येत नाही. माझी पत्नी सौ. रत्नप्रभा एका तान्ह्या जिवाला घेऊन ढाणकी येथे भावाकडे विस्थापित झाली आहे. ती दोघे सुखरूप घरी परत यावीत, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप आहे. तरी आपण आठी खुशाल घालावी, पण अर्ज परत करू नये.

१. युद्धाचे पक्ष व सरहद्द : आमच्या गावात वानरांच्या दोन टोळ्या आहेत. पहिली मारुतीच्या पारावरची. ती वडावर राहते, शनिवारी नारळ आणि एरवी शेंगदाणे खाते, व स्वतःला गावची मूळ रहिवासी समजते. दुसरी कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातली. जिनिंग चालू होते तेव्हा तिथे माणसे राबत होती. ती पोटामागे परमुलखात गेली आणि रिकाम्या शेडमध्ये वानरे आली. या दोन मुक्कामांच्या बरोबर मधोमध माझे घर असून, दोन्ही टोळ्यांची सरहद्द माझ्या घराच्या आढ्यावरून जाते. ही हद्द कोणी मोजून दिली याची कोणत्याही दप्तरी नोंद नाही, तरी उभय पक्ष ती इतकी काटेकोर पाळतात की माणसांनी लाजावे. छपराच्या पूर्वेकडच्या उतारावरचे कवेलू पारवाल्यांनी फोडायचे आणि पश्चिमेकडचे जिनिंगवाल्यांनी. एकमेकांच्या हद्दीतले कवेलू कोणी फोडत नाही.

२. युद्धापूर्वीची परिस्थिती : पारावरच्या टोळीचा म्होरक्या एक वृद्ध वानर होता. गाव त्याला 'बुढा' म्हणे. रोज सकाळी तो माझ्या आढ्यावर येऊन बसे, दोन्हीकडे पाहून एक हूप देई, आणि दोन्ही टोळ्या आपापल्या कामाला लागत. इतका शांत कारभार मी तहसील कार्यालयात कधी पाहिला नाही. त्यानंतर तो मागच्या भिंतीवर उतरे व माझ्या पत्नीच्या हातून पोळी घेई. शिळी घेत नसे. मी मात्र शिळी खात असे, कारण ताजी त्याला गेलेली असे. दिवाळीनंतर तो विजेच्या तारेला चिकटून मेला. भारनियमनामुळे आमच्या तारा कपडे वाळत घालण्याच्याच कामाच्या आहेत. दिवसातून घटकाभर वीज येते, आणि नेमकी तीच घटका बुढ्याने निवडली.

३. अंत्यविधी : आमच्या भागात मेलेले वानर रस्त्यावर पडू देत नाहीत. तिरडी बांधतात, गुलाल उधळतात, भजन म्हणत नेतात आणि पुढे तेरवीचे गावजेवण घालतात. यंदा कापसाला भाव नाही, घराघरात कापूस कोंबून माणसे ओसरीवर झोपतात, तरी बुढ्यासाठी कोणी हात आखडता घेतला नाही. प्रश्न आला तो अग्नी देण्याचा. अग्नी देणाऱ्याने मुलाच्या नात्याने उभे राहायचे आणि डोके भादरायचे. लग्नसराई तोंडावर होती. जो तो दुसऱ्याच्या डोक्याकडे बघू लागला. तेव्हा आमच्या सरपंच चंदाबाई यांनी काढलेले उद्गार जसेच्या तसे देतो : "काका, त्यानं जल्मभर तुमच्या घरची पोळी खाल्ली. दुसऱ्याले काहून मांगता? तुमीच द्या."

पत्नीने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिले. साहेब, आपले लग्न झाले असल्यास ते पाहणे कसे असते ते आपणांस सांगायला नको. मी डोके भादरले.

४. पंचनाम्यातील चूक : आपले वनरक्षक पंचनाम्याला आले. ते तरुण व प्रामाणिक आहेत, आणि प्रामाणिक माणसाच्या हाती छापील नमुना पडला की काय होते ते मी जन्मभर पाहिले आहे. त्यांनी विचारले, अग्नी कोणी दिला? लोक म्हणाले, मधुकाकांनी. कोणत्या नात्याने? लोक म्हणाले, पोराच्या नात्याने. त्यांनी तसे लिहिले. परिणामी आपल्या दप्तरी 'मयत : वानर, नर, वृद्ध' आणि त्याखाली 'वारस : मधुसूदन (मुलगा)' अशी नोंद झाली. माझे कै. वडील गंगाधरपंत हे शाळामास्तर होते. त्यांना शेपूट नव्हते, हे गावातील वडीलधारी मंडळी आजही शपथेवर सांगतील.

५. युद्धाचे तात्कालिक कारण : हे लिहिताना मला गावाची लाज वाटते. तेरवीला पहिली पंगत वानरांची, अशी रीत आहे. पारासमोर पत्रावळी मांडल्या, बुंदी वाढली. बुंदीच्या वासाने जिनिंगची टोळी अगोदर येऊन बसली. वाढप्यांना ओळख कुठली? वांदर ते वांदर, असे म्हणून त्यांनी त्यांनाच सुतकवाले समजून आग्रह करकरून जेवू घातले. ज्यांच्या घरचे माणूस गेले होते ती पारावरची मंडळी वडावर बसून बघत राहिली, आणि त्यांच्या वाट्याला खरकट्या पत्रावळी आल्या. मानपानावरून लग्ने मोडलेली आपण ऐकली असतील. आमच्याकडे तेरवीतल्या मानपानावरून त्याच संध्याकाळी युद्ध पेटले. समजूत घालणारा तेवढा एकच होता आणि त्याचीच तेरवी होती.

६. नागरिकांचे हाल : लढाई रोज उजाडताच सुरू होते. विहिरीवर जायचे तर डोक्यावर घमेले धरून जावे लागते. माझ्या माजघरात शेजारी श्री. बाबाराव मनवर यांचा कापूस आहे, कारण त्यांचे घर आढ्यापर्यंत भरून गेले. फुटलेल्या कवेलूंतून दोन्ही बाजूंचे लढवय्ये त्या कापसात पडतात आणि अंगभर कापूस चिकटवून बाहेर येतात. मग कोण कोणाचा ते त्यांचे त्यांनाच ओळखू येत नाही आणि आपसांतच जुंपते. मी निःपक्ष असल्याचे दाखवण्यासाठी आढ्यावर माझे पांढरे धोतर लावले. सर्व देशांत पांढऱ्या निशाणाचा मान राखतात असे वाचनात आले होते. येथे पूर्वेकडून पारवाल्यांनी आणि पश्चिमेकडून जिनिंगवाल्यांनी ते ओढले व हद्दीप्रमाणे निम्मे-निम्मे वाटून घेतले. युद्ध सुरू झाल्यापासून उभय पक्षांनी मिळून केलेले हे एकमेव काम होय.

७. गावाचा पवित्रा : पंचनाम्याची बातमी गावात फुटल्यापासून, ज्याचे काही मोडते तो माझ्याकडे येतो. बाबाराव माझे बालमित्र. ते बौद्ध असल्याने तेरवी, मुंडण, पितर यांतले काहीही मानत नाहीत. अंत्ययात्रेला आले ते शेजारधर्म म्हणून. अशा विवेकी माणसाने तरी माझी बाजू घ्यावी! पण ते ओसरीवर येऊन म्हणाले : "मधुभाऊ, तुमच्या बापाच्या लोकायनं माह्यी टिनं वाकोली." मी म्हटले, बाबाराव, तुम्ही हे मानता? तर म्हणतात : "मी तं काईच मानत नाई, बाप्पा. पण सरकारी कागदावर आलं तं मानाच लागते. काहून का सरकार मानून राह्यलं." आणि मनसोक्त हसले. त्यांना हसू येते, कारण नोटीस त्यांना आलेली नाही.

नोटीस मला आली. गावकऱ्यांनी नुकसानीचे अर्ज आपल्याकडे केले, आपल्या कार्यालयाने दप्तर पाहिले, त्यात वारस मिळाला, आणि 'आपल्या मयत वडिलांच्या टोळीकडून होणाऱ्या उपद्रवाबाबत लेखी खुलासा करावा' असे मला फर्मावण्यात आले. माझ्या सबंध नोकरीत माझ्याकडून खुलासा मागवला गेला नव्हता. निवृत्तीनंतर मागवला आणि तोही या नात्याने.

८. आपल्या कार्यालयाने केलेले उपाय : उपाय केले नाहीत असे मी म्हणणार नाही. फटाके आले. ते वाजताच दोन्ही टोळ्या घाबरून, आसरा म्हणून, माझ्याच माजघरात शिरल्या. नंतर आपल्याकडील एका लिपिकाने सुचवले की उभय पक्षांना समोरासमोर बसवून समेट घडवावा आणि वारस या नात्याने एका पक्षाची बाजू मी मांडावी. मी गेलो. वडाखाली उभा राहून "बंधूंनो" अशी सुरुवातही केली. माझ्या तोंडून हा शब्द गेला हे मी नाकारत नाही. वरून वडाची फळे आणि आणखी जे काही पडले त्याचे वर्णन शासकीय पत्रव्यवहारात करता येत नाही. जिनिंगच्या बाजूने कोणी हजर राहिले नाही, त्यामुळे प्रकरण एकतर्फी चालले.

९. आता मूळ मुद्दा : हसण्यासारखे होते ते वर लिहून झाले. मार्गशीर्षात, ऐन लढाईत, एक तान्हे पिल्लू कवेलूंच्या भगदाडातून खाली पडले. खाली फरशी असती तर संपलेच असते. खाली बाबारावांचा कापूस होता. यंदा कापसाने ज्याचे भले केले असा आमच्या गावात तो एकटाच. काळे अंग, गुलाबी तोंड, मुठीत कापसाचा पुंजका घट्ट धरलेला. त्याची आई दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी मरून पडलेली आढळली. दुसरी तेरवी घालण्याचे गावाच्या अंगी बळ नव्हते, म्हणून सर्वांनी पाहून न पाहिल्यासारखे केले. हे काही न मानणाऱ्या बाबारावांनी एकट्याने आपल्या शेताच्या धुऱ्यावर खड्डा खणला आणि तिला पुरले. मी तिथे उभा होतो. ते तेव्हा हसले नाहीत.

पिल्लू बुढ्याचे होते. टोळीत नवा म्होरक्या आला की जुन्याच्या पिल्लांना जगू देत नाही, हे मला आपल्या वनरक्षकांनीच समजावून सांगितले. आणि लगेच हेही सांगितले की वन्यप्राणी घरात ठेवणे हा गुन्हा आहे. मी विचारले, मग त्याचे करायचे काय? त्यांचे शब्द असे : "काका, मरू देलं तं तो निसर्ग, आन् वाचवलं तं तो गुन्हा. मी लायना मानूस, मी काय सांगू?" एवढे बोलून त्यांनी तोंड फिरवले आणि चहा न घेताच मोटारसायकलला किक मारली. त्यांनी त्या दिवशी काही पाहिले नाही. त्यांच्यावर कारवाई होऊ नये, ही वेगळी विनंती.

१०. विस्थापन : नवा म्होरक्या रोज भगदाडाशी येऊन आत वाकून बघू लागला. पत्नी त्या काळात माजघराच्या दारात हातात काठी घेऊन बसलेली असे. जी बाई झुरळाला भिते ती. एका सकाळी तिने पिल्लू पदरात बांधले, वरून शाल घेतली आणि ढाणकीच्या गाडीत बसली. जाताना मला म्हणाली : "अहो, तुमचं युद्ध मिटलं की कळवा." जणू मीच लावले होते! ढाणकीला ते तिच्या खांद्यावर झोपते, कापसाच्या बोळ्याने दूध पिते, आणि तिने खाली ठेवले की रडते. हे सर्व ती मला फोनवर सांगते. माझ्या जेवणाचे विचारायला ती विसरते. लग्नाला इतकी वर्षे झाली, तिच्या आवाजात असे काही मी पूर्वी ऐकले नव्हते.

साहेब, आम्हांस मूलबाळ नाही. हे मी आजवर कोणत्याही अर्जात लिहिलेले नाही, कारण कोणी विचारले नाही. गावात मात्र कोणाचे बारसे असले की रत्नप्रभाला मागच्या रांगेत बसवतात आणि ती तिथे बसते, पाळण्याची दोरी हाती घेत नाही. मला ते बघवत नसे, म्हणून मी बारशांना जाणे सोडले. तिला सोडता येत नव्हते.

११. कायदेशीर स्थिती : आता मी वकील नाही, पण वारसांच्या नोंदी घेण्यात माझे केस पांढरे झाले आहेत (सध्या नाहीत, ते वेगळे). आपल्या कार्यालयाने लेखी ठरवले आहे की मी मयत बुढ्याचा मुलगा आहे. ही नोंद चूक आहे असे आपण आजवर कुठेही म्हटलेले नाही, उलट तिच्यावरून मला नोटीस काढली. ठीक आहे. मी जर बुढ्याचा मुलगा, तर ढाणकीला असलेले पिल्लू हे बुढ्याचे शेवटचे अपत्य या नात्याने माझा धाकटा भाऊ ठरते. ते अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, आहे. त्याचे आईबाप हयात नाहीत. सातबारावर अज्ञान वारसाच्या नावापुढे त्याच्या पालनकर्त्याचे नाव 'अ.पा.क.' म्हणून लागते, म्हणजे अज्ञानाचे पालन करणारा. तो मान घरातल्या सज्ञान थोरल्या भावाचा. आणि थोरल्या भावाने पोरक्या धाकट्याला घरात ठेवले, तर त्याला वन्यप्राणी बाळगणे म्हणत नाहीत. त्याला घर म्हणतात.

वरील विषयात मी माझे नाव वारस म्हणून कमी करण्याची विनंती केली आहे. अर्ज लिहायला बसलो तेव्हा मला तेच हवे होते. इथवर लिहून आल्यावर ती विनंती मी मागे घेत आहे. विषयाची ओळ खोडून पुन्हा लिहिली असती, परंतु खाडाखोड केलेला अर्ज मी कधी स्वीकारला नाही, तेव्हा सादरही करणार नाही. ओळ तशीच राहू द्यावी आणि तिच्या उलट करावे.

सबब विनंती की,

(अ) मयत वानराचा मुलगा म्हणून माझी झालेली नोंद कायम करण्यात यावी व तीत पुन्हा कोणी फेरफार करू नये;

(आ) त्याखाली 'वानर, नर, अज्ञान, अ.पा.क. थोरला भाऊ मधुसूदन' अशी नोंद घेण्यात यावी. ते मोठे होऊन आपल्या मनाने झाडावर जाईल, पारावर की जिनिंगमध्ये ते त्याचे तो ठरवील, त्या दिवशी ही नोंद आपोआप संपेल. त्या दिवशी घरात काय होईल त्याचा विचार मी आज करीत नाही;

(इ) माझे घर युद्धात निःपक्ष असल्याचा फलक आपल्या कार्यालयामार्फत आढ्यावर लावावा. वानरांना वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. फलक गावकऱ्यांसाठी हवा;

(ई) भगदाडावर जाळी बसेपर्यंत नव्या म्होरक्यावर नजर ठेवण्यास आपले तेच वनरक्षक नेमावेत. त्यांचा चहा राहिला आहे;

(उ) नोटिशीचा खुलासा म्हणून हाच अर्ज वाचावा. गावात जे जे कवेलू फुटले ते ते मी स्वतः शिडी लावून बदलून देईन. वडिलांच्या माघारी मुलाने एवढे करायचेच असते. बाबाराव शिडी धरतो म्हणाले आहेत. काही न मानता.

बुढा असेपर्यंत एका हुपेवर गाव शांत होत असे. माझ्याकडे ती हूप नाही, हा अर्ज तेवढा आहे. यावर आपली सही झाली की मी ढाणकीला फोन करीन आणि युद्ध मिटल्याचे कळवीन. मिटलेले नसले तरी.

आपल्याच दप्तरानुसार कै. बुढा यांचा ज्येष्ठ पुत्र व आपला नम्र,

(सही)
मधुसूदन गंगाधर पांढरीपांडे
मौजे चिंचखोडी
दिनांक : ९ जानेवारी २००६

सोबत :
१) आपली नोटीस, मूळ प्रत.
२) धोतर, पूर्वेकडील अर्धे. (पश्चिमेकडील अर्धे अद्याप जिनिंगच्या ताब्यात आहे.)
३) फुटक्या कवेलूंचे तुकडे, एक पिशवी. पिशवी परत मिळावी.
४) पालनास हरकत नसल्याबाबत सौ. रत्नप्रभा हिचे संमतीपत्र, ढाणकीहून एस.टी.ने आलेले. थोरल्या भावाची पत्नी या नात्याने 'नाते' या शब्दापुढे तिने 'वहिनी' असे लिहावे, हे मी फोनवर नीट समजावून सांगितले होते. तिने 'आई' असे लिहिले आहे. लिहिण्यात चूक आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही. आपणही करू नये.